तीन रात्री, एक विग आणि एक 'लाइव्ह' सिनेमा

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे', 'तर' आम्ही शक्य तेवढे गाळलेत. थोडे राहिले असतील, तेवढे चालवून घ्या.)

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

आधी माझी एक फजिती सांगतो. काही महिन्यांपूर्वी मी एका मोठ्या कॉन्सर्टला गेलो होतो. तिकिटासाठी महिनाभर बाहेरचं खाणं बंद केलं होतं, म्हणजे विचार करा. शो सुरू झाला आणि मीही बाकीच्या हजारो लोकांसारखा फोन वर केला. तीन गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केली. घरी येऊन क्लिप लावली, तर पडद्यावर एक पांढरा ठिपका नाचतोय, तो म्हणे गायक. आवाज तर विचारूच नका. गणपतीत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहून फोनवर रेकॉर्ड केलंय कधी? तसाच नुसता फाटलेला आवाज. फोनचा इवलासा माइक एवढा दणका झेलू शकत नाही. आणि या सगळ्याच्या वर, अगदी स्वच्छ ऐकू येणारा एकच आवाज होता. माझा. बेसूर.

तेव्हा डोक्यात प्रश्न आला की आपण जे कॉन्सर्ट फिल्म म्हणून बघतो, ते इतकं सुंदर कसं काय दिसतं? गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, ड्रमची प्रत्येक थाप वेगळी ऐकू येते. ते खरंच त्या रात्री घडलेलं असतं का?

आज आपण याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत आणि त्यासाठी एकच सिनेमा उघडून बघणार आहोत. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा 'द साँग रिमेन्स द सेम'. शूटिंग १९७३ चं, सिनेमा थिएटरमध्ये आला १९७६ मध्ये. मधल्या तीन वर्षांत जे झालं, ती आजची गोष्ट.

आधी बँडची ओळख

ज्यांना माहीत आहेत त्यांनी दोन मिनिटं कळ काढा. चार जण. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लँट, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रम्सवर जॉन बोनम. १९६८ मध्ये बँड जमला आणि पाच वर्षांत त्यांनी असा धुमाकूळ घातला की ५ मे १९७३ ला अमेरिकेत टॅम्पा शहरात त्यांना ऐकायला ५६,८०० लोक आले. त्याआधीचा विक्रम बीटल्सचा होता, १९६५ मधला, सुमारे ५५,६०० लोकांचा. तो यांनी मोडला. दौऱ्यावर फिरायला अख्खं बोइंग विमान भाड्याने घेतलेलं, 'स्टारशिप' नावाचं, आत बार वगैरे असलेलं.

आपल्या मुंबईशीही त्यांचं नातं आहे बरं का. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी स्टुडिओत स्वतःची दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. ती रेकॉर्डिंग्ज अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. आता ती सहज ऐकता येतात, जरूर ऐका.

असो. मुद्दा असा, की एवढा मोठा बँड, पण तो बघायचा कुठे? टीव्हीवर ते जवळजवळ जातच नसत. ब्रिटनमध्ये सिंगल्ससुद्धा काढत नसत. त्यांचं म्हणणं, आम्हाला ऐकायचंय तर पूर्ण अल्बम घ्या, बघायचंय तर कॉन्सर्टला या. त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट हा एकेकाळी कुस्त्या लढलेला धिप्पाड माणूस, आणि बँडच्या बाबतीत भलताच कडक. यूट्यूब नव्हतं, रील्स नव्हत्या. ज्यांच्या गावात दौरा आला नाही, त्यांच्यासाठी लेड झेपलिन म्हणजे अल्बमच्या कव्हरवरचं चित्र आणि कल्पना.

म्हणून हा सिनेमा महत्त्वाचा. बँड अगदी भरात असताना त्याच्यावर कॅमेरे लागले, ते इथे.

घाईघाईत ठरलेलं काम

दिग्दर्शक होता जो मॅसॉट. त्याने आधी 'वंडरवॉल' नावाचा सिनेमा केला होता, ज्याचं संगीत बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचं होतं. मॅसॉटची कॉन्सर्ट फिल्मची कल्पना ग्रँटने आधी बाजूला ठेवली होती. मग जुलै १९७३ मध्ये, दौरा संपायला आला असताना, अचानक होकार आला. या, करा शूट.

आता कल्पना करा, तुम्हाला एखाद्या लग्नाचं शूटिंग करायचंय आणि निरोप आलाय हळदीच्या दिवशी! मॅसॉटने जमेल तशी टीम उभी केली. दौऱ्याचे शेवटचे तीन शो न्यूयॉर्कमध्ये होते, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. तारखा २७, २८ आणि २९ जुलै. ठरलं, हे तिन्ही शो शूट करायचे. आवाज रेकॉर्ड करायला एडी क्रेमर होता. जिमी हेंड्रिक्सची रेकॉर्डिंग्ज करणारा तोच तो. त्यामुळे आवाजाची बाजू पक्क्या हातात होती. गडबड झाली ती चित्रात.

रीळ संपतं तेव्हा

हा भाग जरा नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

आज आपण फोनवर तासभर सलग रेकॉर्ड करतो. स्टोरेज भरलं तर दोन जुने व्हिडिओ उडवतो. १९७३ मध्ये सिनेमाचं शूटिंग ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर व्हायचं. फिल्म म्हणजे खरीखुरी पट्टी, गुंडाळलेली. कॅमेऱ्यातून दर सेकंदाला २४ चित्रं सरकतात आणि एका फुटात १६ चित्रं बसतात. हिशेब केला तर मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. म्हणजे हजार फुटांचं मोठं रीळ चालतं फक्त ११ मिनिटं. खांद्यावर घेऊन फिरायचा कॅमेरा असेल तर त्याला हलकं, ४०० फुटांचं रीळ लावतात. ते साडेचार मिनिटांत खल्लास.

रीळ संपलं की कॅमेरा थांबवा, डबा काढा, दुसरा बसवा, फिल्म नीट अडकवा, मग पुन्हा सुरू. चांगल्या हाताला यात एखाद-दोन मिनिटं तरी जाणार. अंधारात, धक्काबुक्कीत आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात त्याहून जास्त.

आता लेड झेपलिनची गाणी बघा. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे त्यांचं गाणं त्या काळात स्टेजवर २५-३० मिनिटं चालायचं. मध्येच पेज व्हायोलिनचा गज घेऊन गिटारवर फिरवतोय, प्लँट त्याला गळ्याने उत्तर देतोय, आणि पुढचं वळण कधी येणार ते त्या चौघांनाच माहीत. आपल्या मैफिलीत राग कसा रंगत जातो, घड्याळ बाजूला ठेवून? काहीसं तसंच. यात कॅमेरामनला कसं कळणार की आत्ता रीळ बदलू की नंतर? नेमकं तो डबा उघडून बसलेला असतो आणि स्टेजवर कळस गाठला जातो.

यावर उपाय असतो नियोजन. कुठल्या कॅमेऱ्याने कधी रीळ बदलायचं हे आधी ठरवायचं, म्हणजे निदान दोन कॅमेरे कायम चालू राहतात. पण त्यासाठी तयारीला वेळ लागतो, आणि तो इथे मिळालाच नव्हता.

दुसरी भानगड कंटिन्युइटीची. तीन रात्रींचं मिळून एक रात्र दाखवायची, तर तिन्ही रात्री सगळ्यांचे कपडे सारखे हवेत. नाहीतर एका शॉटमध्ये एक शर्ट आणि दुसऱ्या क्षणी दुसरा. जॉन पॉल जोन्सने तिन्ही रात्री सारखे कपडे घातलेच नाहीत. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? तो कॉन्सर्ट करायला आला होता.

नाटकवाले शोला 'प्रयोग' म्हणतात, तो शब्द मला इथे फार चपखल वाटतो. प्रत्येक प्रयोग वेगळा. एकाच नाटकाचे तीन प्रयोग शूट करून त्यांचा एक करायला गेलात तर हशा वेगळ्या ठिकाणी, पॉज वेगळा, हातवारे वेगळे. इथे तर वादकच दर रात्री नवीन काहीतरी वाजवणारे. सोमवारचा हात आणि मंगळवारचा सूर जुळवायचा कसा?

खड्डे आणि विग

शूटिंग झालं, एडिटिंग सुरू झालं. कच्चं रूप बँडला दाखवलं आणि त्यांना ते पसंत पडलं नाही. १९७४ मध्ये मॅसॉटला कामावरून काढलं गेलं आणि त्याच्या जागी पीटर क्लिफ्टन हा ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक आला.

क्लिफ्टनने सगळं फुटेज पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की गाण्यांमध्ये मोठमोठे खड्डे आहेत. म्हणजे आवाज आहे पण चित्रच नाही. गाणं चालू आहे आणि त्या कडव्याचा एकही वापरता येईल असा शॉट नाही. आता काय करणार? तो दौरा संपून गेला होता आणि ती रात्र काही परत येणार नव्हती.

मग त्यांनी ती रात्र परत उभी केली. ऑगस्ट १९७४ मध्ये, इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या स्टेजची नक्कल उभारली. चौघांनी वर्षापूर्वीचे कपडे चढवले. स्पीकरवर न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्याच्या बरोबरीने त्यांनी वाजवण्याचा, गाण्याचा अभिनय केला. आपल्याकडे सिनेमातलं गाणं प्लेबॅकवर शूट होतं ना, अगदी तसंच. फक्त इथे प्लेबॅक त्यांचा स्वतःचाच, वर्षभर आधीचा.

आणि यात पुन्हा जोन्स! त्याने मधल्या काळात केस कापून टाकले होते. न्यूयॉर्कमध्ये खांद्यापर्यंत केस, शेपर्टनमध्ये आखूड. मग काय, विग. जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडचा बेसिस्ट विग घालून, समोर एकही प्रेक्षक नसताना, मागच्या वर्षीच्या स्वतःची नक्कल करतोय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दहा मिनिटं हसत होतो. नंतर सिनेमा पुन्हा लावला आणि जोन्सच्या केसांकडेच बघत बसलो.

एवढंच नाही. सिनेमात पडद्यामागची दृश्यं आहेत, जी बघताना वाटतं की न्यूयॉर्कच्या शोच्या आधीची धावपळ चाललीय. ग्रँटच्या संतापाचं प्रसिद्ध दृश्य त्यातलंच. हॉलमध्ये बँडची बनावट पोस्टर्स विकली जातायत म्हणून तो तिथल्या माणसाची बीप-बीप भाषेत हजेरी घेतो. यातला बराच भाग न्यूयॉर्कचा नाहीच, चार दिवस आधीचा, बाल्टिमोरमधला आहे.

आवाजाबद्दलही सांगून टाकतो. आवाज न्यूयॉर्कचाच आहे, पण तोही एका रात्रीचा नाही. तिन्ही रात्रींमधले तुकडे निवडून, कापून, जोडून तो बनवलाय. सिनेमाबरोबर त्याच नावाचा डबल अल्बम आला, त्यात आणि सिनेमात गाण्यांची यादीही तंतोतंत सारखी नाही. अल्बममधलं 'सेलिब्रेशन डे' मूळ सिनेमात नाही, आणि सिनेमातलं 'ब्लॅक डॉग' मूळ अल्बमात नाही.

एक गोष्ट मात्र अस्सल

या सगळ्या जोडाजोडीत एक घटना अशी होती जी कुणी रचली नव्हती. शेवटच्या शोच्या सुमाराला लक्षात आलं की बँड जिथे उतरला होता, त्या न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या लॉकरमधून त्यांची रोख रक्कम गायब आहे. सुमारे २ लाख डॉलर! १९७३ चे २ लाख डॉलर. पैसे परत मिळाले नाहीत, चोरही सापडला नाही. पत्रकारांनी ग्रँटला गाठलं, कॅमेरे होतेच, ते सगळं सिनेमात आलं.

गंमत बघा. पूर्ण सिनेमात सगळ्यात 'डॉक्युमेंटरी' वाटणारा भाग हा, आणि त्यात गाणं नाही की गिटार नाही.

आणि मधेच तलवारबाजी?

सिनेमा पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सुरुवातीची दहा मिनिटं गाणंच नाही. ग्रँट आणि टूर मॅनेजर रिचर्ड कोल जुन्या काळातल्या गँगस्टरच्या वेषात गोळीबार करतायत. मग चौघे आपापल्या घरी निवांत दिसतात, त्यांना दौऱ्याचं बोलावणं येतं, विमान, न्यूयॉर्क, आणि मग कुठे 'रॉक अँड रोल'चा पहिला दणका.

पुढे गाण्यांच्या मधेमधे प्रत्येकाचा एक कल्पनाविलास आहे. प्लँट तलवार घेऊन घोड्यावरून किल्ल्याकडे निघालेला सरदार. तो किल्ला वेल्समधला रॅग्लन कॅसल. जोन्स मुखवटा घालून रात्री फिरणारा घोडेस्वार, जो शेवटी घरी येऊन मुखवटा काढतो. पेज पौर्णिमेच्या रात्री स्कॉटलंडमध्ये, लॉक नेस सरोवराजवळच्या डोंगरावर चढतो. वर कंदील घेतलेला म्हातारा साधू. जवळ जाऊन बघतो तर त्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याचाच, आणि तो चेहरा हळूहळू तरुण होत थेट बाळापर्यंत जातो.

आज हे बघताना हसू येतं, खोटं कशाला बोलू. तेव्हाही समीक्षकांनी सिनेमाला चांगलंच झोडपलं होतं. पण मला वाटतं याच्यामागे साधं व्यावहारिक शहाणपणही होतं. २७ मिनिटांच्या गाण्यात चित्राचे खड्डे असतील, तर त्यावर ठिगळ म्हणून डोंगर, किल्ला, घोडा यांच्यासारखं उत्तम काही नाही. आवाज चालू राहतो, डोळे वेल्सला जातात, आणि कॅमेऱ्याचं रीळ संपलं होतं हे कुणाला कळतही नाही.

मग हे 'लाइव्ह' आहे की फसवणूक?

आता आपण मूळ प्रश्नाशी आलो.

बाकीच्यांनी काय केलं ते आधी बघू. पिंक फ्लॉइडचा 'लाइव्ह अ‍ॅट पॉम्पेई' घ्या. १९७१ मध्ये इटलीतल्या त्या प्राचीन, उजाड रंगमंडलात, प्रेक्षकांशिवाय शूट केलेला. वाजवणं तिथलंच, पण त्यातलेही काही भाग नंतर पॅरिसच्या स्टुडिओत शूट केले आणि जोडले. नाव तरीही पॉम्पेई.

मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द लास्ट वॉल्ट्झ' घ्या. 'द बँड' या बँडचा निरोपाचा कार्यक्रम, २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. स्कॉर्सेसीने गाण्यांचे शब्द समोर ठेवून, कुठल्या ओळीला कुठला कॅमेरा कुठे बघणार हे आधी कागदावर उतरवलं होतं. म्हणजे झेपलिनच्या टीमला जे जमलं नव्हतं, बरोबर तेच. तरी आवाजात नंतर स्टुडिओत दुरुस्त्या झाल्याच. काही गाणी तर चक्क स्टुडिओच्या सेटवर शूट केली. फरक एवढाच की तिथे सेट सेटसारखा दिसतो, प्रेक्षक नाहीत हे लपवलेलं नाही. झेपलिनच्या सिनेमात न्यूयॉर्क आणि शेपर्टन एकमेकांत असे मिसळलेत की सांगितल्याशिवाय कळत नाही.

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. आवाज आणि चित्र यांना वेगवेगळे प्रश्न विचारायला हवेत. आवाजाला विचारायचं, हे यांनी खरंच लोकांसमोर वाजवलंय का? उत्तर: हो, न्यूयॉर्कमध्ये, तीन रात्रींत. चित्राला विचारायचं, आत्ता जी बोटं दिसतायत तीच हा सूर काढतायत का? उत्तर: कधी हो, कधी नाही. कधी ती आदल्या रात्रीची आहेत, कधी वर्षभरानंतरची.

मला विग खुपत नाही. खुपतं ते न सांगणं. आणि तरीसुद्धा मी रागावू शकत नाही, कारण दुसरा पर्याय काय होता? ते फुटेज डब्यात पडून राहिलं असतं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमध्ये प्लँटच्या गाडीला मोठा अपघात झाला, तो कित्येक महिने जायबंदी होता, बँडचे दौरे थांबले. २० ऑक्टोबर १९७६ ला न्यूयॉर्कमध्ये सिनेमाचा प्रीमियर झाला तेव्हा बँडला स्टेजवर बघायची दुसरी सोयच नव्हती. समीक्षक काहीही म्हणोत, पोरांनी गर्दी केली. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत मध्यरात्रीच्या शोला हा सिनेमा लागायचा आणि पोरं पुन्हा पुन्हा जायची.

बँडच्या जुन्या कॉन्सर्टचं अधिकृत फुटेज मोठ्या प्रमाणावर बाहेर आलं ते थेट २००३ मध्ये, डीव्हीडीवर. म्हणजे २७ वर्षं, नंतर जन्मलेल्या प्रत्येक झेपलिनवेड्यासाठी, हा ठिगळांचा सिनेमा हीच ती कॉन्सर्ट होती.

पाळण्यातले पाय

शेवटी मला तुम्हाला एक छोटं दृश्य दाखवायचंय, म्हणजे ऐकवायचंय. त्यासाठीच खरं तर हा विषय घेतला.

'मोबी डिक' हे बोनमच्या ड्रम सोलोचं गाणं. सिनेमात हा सोलो चालू असताना त्याचा कल्पनाविलास दिसतो. बाकीच्यांनी किल्ले आणि साधू निवडले. बोनमने काय निवडलं? स्वतःचं घर. शेत, गुरं, बायकोबरोबर नाचणं, आणि ड्रॅग रेसिंगची भन्नाट गाडी. त्यातच काही क्षण एक लहान मुलगा दिसतो. छोट्या ड्रम सेटवर वाजवत बसलेला, शेजारी बाप. तो बोनमचा मुलगा जेसन, तेव्हा सात-आठ वर्षांचा.

२५ सप्टेंबर १९८० ला जॉन बोनम गेला. फक्त ३२ वर्षांचा होता. त्याच वर्षी ४ डिसेंबरला बँडने जाहीर केलं की आता आम्ही पुढे जाऊ शकत नाही. दुसरा ड्रमर घेऊन दौरे करता आले असते, पैसा तर प्रचंड मिळाला असता. त्यांनी बँडच थांबवला.

मग १० डिसेंबर २००७. लंडनचं ओटू अरीना. ज्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना मोठं केलं, तिचे संस्थापक अहमेट एर्टेगन यांच्या स्मरणार्थ एका रात्रीचा कार्यक्रम. पेज, प्लँट, जोन्स पुन्हा एकत्र. आणि ड्रम्सवर जेसन. पाळण्यातले पाय १९७३-७४ मध्ये कॅमेऱ्याने टिपले होते, आणि तेहतीस-चौतीस वर्षांनी तो मुलगा बापाच्या जागेवर बसून 'द साँग रिमेन्स द सेम' वाजवत होता. तेच गाणं, ज्याचं नाव सिनेमाला दिलंय. तो कार्यक्रमही शूट झाला आणि २०१२ मध्ये 'सेलिब्रेशन डे' नावाने थिएटरमध्ये लागला. यावेळी एकच रात्र. शेपर्टन नाही, विग नाही, जोन्सचे केस त्याचे स्वतःचे, आणि आखूड.

विचार करा, १९७६ च्या त्या सिनेमातला कुठला भाग आता परत शूट करता येणार नाही? स्टेज पुन्हा उभं करता आलं. कपडे पुन्हा घालता आले. केससुद्धा विकत मिळाले. पण बाप शेजारी आहे आणि पोरगं ड्रम वाजवतंय, ते काही क्षण कुठल्याच स्टुडिओत पुन्हा उभे राहणार नाहीत. आणि ते कॉन्सर्टचे नाहीतच, घरचे आहेत. ज्यांना सगळे 'मधलं भरताड' म्हणत होते, त्यात ते लपलेत.

बघणार असाल तर

सिनेमा दोन तास सतरा मिनिटांचा आहे. एका बैठकीत झेपेलच असं नाही, म्हणून तीन सूचना.

एक, आधी फक्त ऐका. डोळे मिटून, चांगल्या हेडफोनवर 'नो क्वार्टर' किंवा 'द रेन साँग' ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बोनम आणि जोन्सवर अन्याय होतो. बेस आणि ड्रमचा खर्ज त्यातून येतच नाही.

दोन, मग चित्रासकट बघा आणि शेरलॉक व्हा. जोन्सचे कपडे, जोन्सचे केस. कॅमेरा अगदी जवळ, स्थिर, मागे नुसता काळोख आणि प्रेक्षकांचं एकही डोकं नाही, असा शॉट आला की विचारा, हे न्यूयॉर्क की शेपर्टन? मित्रांबरोबर बघत असाल तर पैज लावा. एकदा सवय लागली की कुठलीही कॉन्सर्ट फिल्म बघताना हा प्रश्न पडतो, आणि आनंद कमी होण्याऐवजी वाढतो. जादूगाराच्या हाताकडे बघायला शिकल्यावर जादू जास्त आवडते, तसं.

तीन, 'मोबी डिक' आल्यावर फोन बाजूला ठेवा. नोटिफिकेशन आलं तरी. तो मुलगा फार थोडा वेळ दिसतो.

आणि हो, २०२५ मध्ये 'बिकमिंग लेड झेपलिन' नावाची डॉक्युमेंटरी थिएटरमध्ये येऊन गेली. ती बँडच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांची आहे. ती आधी बघितलीत आणि मग हा सिनेमा, तर चार नवखी पोरं ते अख्खं विमान घेऊन फिरणारे चार जण, हा प्रवास बरोबर क्रमाने लागेल.

माझ्या त्या क्लिपचं काय केलं विचाराल, तर डिलीट करणार होतो. आवाज फाटलेला, गायक म्हणजे ठिपका. पण परवा पुन्हा लावली. दुसऱ्या गाण्यात, साधारण मध्यावर, फोन हलतो आणि दोन सेकंद शेजारी उभा असलेला माझा मित्र दिसतो. डोळे मिटून, तोंड वर करून, पूर्ण वेड्यासारखा गातोय. स्टेजवरचं सगळं कुणीतरी माझ्यापेक्षा हजारपट चांगलं शूट केलं असेलच. हे मात्र फक्त माझ्याकडे आहे.

तर पुढच्या कॉन्सर्टला, गणपतीला, नाटकाला, कुठेही फोन वर कराल तेव्हा एकदा कॅमेरा स्टेजवरून वळवा, शेजारच्या माणसाकडे. आणि तुमच्या फोनमध्ये असं काही अडकलेलं असेल, तर त्याची गोष्ट आम्हाला लिहून पाठवा. क्लिप नको, नुसती गोष्ट. पुढच्या भागात वाचून दाखवू.

भेटू लवकरच. तोवर ऐकत राहा, आणि हो, आवाज जरा बेताने. कान एकच जोडी आहे!